टूथब्रश निर्जंतुक करायचं यूव्ही यंत्र घरी घ्यावं का? चौघांसाठी कोणतं चांगलं आणि किती वेळ लावायचं?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं आहेत, संडास-बाथरूम एकत्र आहे, आणि भिंतीला चिकटवायचं चार खाचांचं यंत्र घ्यावं की एकेका ब्रशची छोटी डबी, ते ठरत नाहीये. चौघंही धडधाकट असाल तर दोन्ही घेऊ नका. ब्रश कोरडा राहील अशी जागा शोधा. त्याला पैसे लागत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. मिरजेच्या एका रुग्णालयात सीएसएसडीमध्ये माझी नोकरी झाली. ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंट्स, ड्रेसिंगचे ड्रम, गाऊन जिथं धुऊन, पॅक होऊन, निर्जंतुक होऊन परत ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, जातात तो विभाग. तिथं 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली वाफ निदान 15 ते 20 मिनिटं धरायची, किंवा 134 अंशांचं कमी वेळाचं सायकल लावायचं. प्रत्येक पॅकवर इंडिकेटर टेप, तिच्या रेषा काळ्या झाल्याशिवाय पॅक पुढं सरकत नाही. शिवाय जिवंत बीजाणूंची (जंतूंचं सहजी न मरणारं रूप) चाचणी वेगळी, कारण टेप फक्त उष्णता लागली एवढंच सांगते, जंतू मेले की नाही ते सांगत नाही. दहा लाख वस्तूंमागं एखाद्याच वस्तूवर एखादा जंतू उरण्याची शक्यता, इतकं काटेकोर झालं की ते निर्जंतुक. यंत्राच्या खोक्यावर ‘99.9 टक्के जंतू नष्ट’ असं छापलेलं असतं. ब्रशवर दहा लाख जंतू असतील तर त्यातले हजार उरले. ब्रश ओला असेल तर सकाळपर्यंत ते पुन्हा वाढणार, आणि सकाळी तो ब्रश ज्या तोंडात जाणार तिथं शेकडो जातींचे जंतू आधीपासून मुक्कामाला आहेतच. आपलेच जंतू आपल्याच तोंडात परत गेल्यानं धडधाकट माणूस आजारी पडतो याला पुरावा नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्लाही साधाच आहे: वापरून झाल्यावर ब्रश नळाखाली धुवा, उभा ठेवा, हवेवर वाळू द्या, रोज बंद डबीत कोंडू नका, कुणाचा कुणी वापरू नका, आणि तीन-चार महिन्यांनी बदला.

आता या प्रश्नावर एवढं लिहायला का बसले ते सांगते. आमच्या घरात या यंत्रावरून जे झालं ते मला अजून बोचतं.

सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशननंतर केमो सुरू झाली, दर 21 दिवसांनी एक. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत तोंड जपायचं, अगदी मऊ ब्रश वापरायचा, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाचदा गुळण्या करायच्या, ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असो की पहाट, फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं मी करत होते. माझे दीर पुण्याला असतात. ते पहिल्या केमोनंतर बघायला आले ते यूव्हीचं यंत्र घेऊनच. आल्या आल्या बाथरूमच्या भिंतीला चिकटवलं आणि म्हणाले, “वहिनी, आता आईच्या तोंडाची काळजी मिटली.”

आठवड्याभरात मी ते यंत्र उतरवून नीट पाहिलं. खाली एक उथळ ट्रे होता. त्यात पाणी साचलेलं, आणि पाण्यावर पेस्टचा पांढरट, बुळबुळीत थर. ओले ब्रश आत लटकवले, झाकण लावलं, की ठिबकलेलं पाणी जाणार कुठं? आतली दिव्याची नळी मागच्या बाजूला, आणि आईंचा ब्रश खाचेत असा लटकत होता की दांड्याची पाठ नळीकडं आणि केस झाकणाकडं. म्हणजे प्रकाश रोज पडत होता तो ब्रशच्या पाठीवर. मी दिरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “प्रकाश सगळीकडं जातो वहिनी, तुम्ही जुन्या पद्धतीच्या.”

प्रकाश सगळीकडं जात नाही. यूव्ही-सी, म्हणजे अतिनील प्रकाशातला जंतू मारणारा प्रकार, जिथं थेट पडतो तिथंच काम करतो. जंतूच्या डीएनएला तो अशी इजा करतो की त्याची वाढ थांबते, पण त्यासाठी तो जंतूपर्यंत पोचला पाहिजे. ब्रशच्या केसांचे झुबके एकमेकांवर सावली धरतात, मुळाशी पेस्ट आणि लाळेचा थर बसलेला असतो, त्याच्याआड जंतू मजेत राहतात. साधी काच आणि बहुतेक पारदर्शक प्लॅस्टिक यूव्ही-सी अडवतं, त्यामुळं नळीपुढं प्लॅस्टिकची खिडकी असली तर संपलंच. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या त्या यंत्रात, आम्ही पॅक एकावर एक दाबून भरत नाही, उभे लावतो, मध्ये वाफ फिरायला जागा ठेवतो. ड्रमची भोकं आत घालताना उघडी आहेत ना हे बघायचं आणि बाहेर काढताक्षणी बंद करायची. एकीनं भोकं बंद ठेवून ड्रम लावला तर अख्खा लोड परत लावायला लागायचा, आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. जंतू मारणारी गोष्ट जंतूपर्यंत पोचते का, हा आमच्या कामाचा पहिला प्रश्न. भिंतीवरच्या त्या डब्यानं तो विचारलेलाही नव्हता.

मी यंत्र काढून ठेवलं. आईंचा ब्रश नळाखाली अंगठ्यानं केस पसरून धुवायचा, दोनदा झटकायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळ्या स्टीलच्या पेल्यात केस वर करून उभा ठेवायचा. पेला रोज घासायचा. प्रत्येक केमोला नवा ब्रश. तीस-चाळीस रुपयांचा मऊ ब्रश दर 21 दिवसांनी टाकणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीचं आहे.

दुसऱ्या केमोनंतर आईंच्या तोंडात फोड आले. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला. पेज गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. दीर आले, आणि चार पाहुण्यांच्या देखत म्हणाले, “ते मशीन काढलं नसतं तर ही वेळ आली नसती.” जाऊबाई काही बोलल्या नाहीत, आमचे हेही काही बोलले नाहीत. मी तेव्हा आईंना भरवत होते, म्हणून गप्प बसले.

म्हणून आज इथं लिहिते. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळांच्या तशा असतात, आणि तोंडाच्या आतल्या अस्तराच्याही तशाच. औषध गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून ते अस्तर सोलवटायला लागतं आणि फोड येतात. केस गळतात तेव्हा कंगव्याला कुणी दोष देत नाही. फोड ब्रशवरच्या जंतूंनी आणले नव्हते, औषधानं आणले होते. जंतूंचा धोका नंतरचा: उघड्या जखमेतून ते आत शिरू नयेत म्हणून तोंड स्वच्छ ठेवायचं, आणि ते गुळण्यांनी होतं, मऊ हातानं होतं, शेजारी बसून होतं. रात्री अडीचला उठून गुळण्यांचं पाणी कोमट करणाऱ्याला भिंतीवरच्या निळ्या दिव्याचं कौतुक सांगू नये. सगळ्या केमो पार पडल्या, मधे एकदाही तापासाठी आईंना भरती करावं लागलं नाही. आज त्या ज्वारीची भाकरी मोडून खातात. हे माझ्यामुळं झालं असं मी म्हणत नाही, पण यंत्र काढल्यामुळं काही बिघडलं असंही कुणी म्हणू नये.

आता तुमच्या बाथरूमचं. संडास एकत्र असेल तर फ्लश करण्याआधी झाकण लावा, कारण फ्लशबरोबर बारीक तुषार वर उडतात. ब्रश भांड्यापासून आणि बादलीच्या शिंतोड्यांपासून लांब हवेत, खरं तर बाथरूमच्या बाहेरच. चौघांचे ब्रश एका पेल्यात कोंबू नका, डोकी एकमेकांना टेकतात. डेटॉलच्या पाण्यात सगळ्यांचे एकत्र बुडवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, ते तर अजिबात करू नका: एकाचे जंतू चौघांना वाटले जातात आणि तोंडात डेटॉल जातं ते वेगळंच. उकळत्या पाण्यात केस वाकडे होतात. मायक्रोवेव्ह तर नकोच.

काही घरांत मात्र माझं ‘घेऊ नका’ लागू नाही, तेही सांगते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बिनखिडकीच्या बाथरूममध्ये ब्रश दिवसभर वाळतच नाही. हॉस्टेलवर एका बेसिनवर सहाजणांचे ब्रश असतात. तिथं आत पंखा असलेलं यंत्र उपयोगी पडेल, पण पंख्यासाठी. दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर तेवढंच काम होतं. अवयव बदललेले, केमो चालू असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी माझं किंवा यंत्रवाल्याचं ऐकण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. काहींना ते ब्रश क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधात बुडवायला सांगतात, काहींना पेशी फारच खाली गेल्यावर ब्रश बंद करून मऊ स्पंज देतात. आणि घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर त्याचा ब्रश कायम वेगळ्या जागी. यंत्र आहे म्हणून एकमेकांचा ब्रश चालेल असा विचारही करू नका.

आणि घेणारच असाल, किंवा कुणी भेट दिलंच असेल, तर माहितीपत्रकात तरंगलांबी बघा. पाऱ्याची नळी असेल तर 253.7 नॅनोमीटर, एलईडी असेल तर 265 ते 280 च्या आसपास. 395 किंवा 405 लिहिलं असेल तर तो यूव्ही-सी नाही, जांभळा दिवा आहे. यूव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळं झगझगीत निळं दिसतंय म्हणजे जंतू मरताहेत असं समजू नका. झाकण उघडताच दिवा आपोआप बंद झाला पाहिजे. तसा होत नसेल तर घरात ठेवूच नका, मुलं आत डोकावतात, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते, तोवर कारणही लक्षात येत नाही. ट्रे सुटा निघतो का ते दुकानातच काढून बघा. ब्रश धुऊन, झटकून, वाळल्यावरच आत, केस दिव्याकडं करून. किती मिनिटं ते कंपनीनं दिलेलं सायकल पूर्ण होऊ द्या, कारण दिव्याची ताकद आणि अंतर प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. आणि तरंगलांबी कुठंच छापलेली नसेल तर सरळ परत करा.