आईंचं गिळणं : आत्ता एवढंच बघा

ताई, आईंना एएलएस (स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार) आहे आणि आता घास अडकतो, काय करू असं विचारलंत. बाबांचा हाच आजारही बोबडं बोलण्यापासूनच सुरू झाला, आम्ही पुण्यात चार महिने कवळी सैल झाली म्हणून डेंटिस्टकडेच फिरत होतो, त्यामुळे तुम्ही लवकर विचारताय हे फार बरं झालं.

१. घास अडकला की आपण घाईने पाणी देतो ना, तीच मोठी चूक. पातळ पाणी, चहा पटकन श्वासनळीत जातं, त्यापेक्षा मऊ खिचडी, दाटसर पिठलं नीट उतरतं. ताठ बसवा, टीव्ही बंद, छोटा चमचा, आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्याच.

२. दर आठवड्याला वजन. उतरतंय दिसलं की थेट पोटात अन्न देणाऱ्या नळीचं डॉक्टरांना लगेच विचारा, श्वासाची ताकद कमी झाल्यावर ती बसवणं जोखमीचं होतं.

३. पुढे बोलणं जाऊ शकतं, म्हणून आईंचा आवाज आजच रेकॉर्ड करा. आमच्याकडे बाबांचं फक्त "चहा टाक गं" उरलंय.