रोला-कोला परत मिळेल का?

प्रश्न : ताई, मी इंदूरची, राजवाड्यामागे आमचं घर होतं. शाळेतून येताना भाऊ आणि मी रोला-कोला घ्यायचो, ती गोल तपकिरी कोलाची गोळी, एक रोल दोघांत वाटून खायचो. आता माझ्या मुलीला ती चव द्यायची फार इच्छा आहे, पण ती तर बंद झाली ना?

उत्तर : बंद झाली होती, बरोबर आहे तुमचं, पार्लेने २००६ च्या सुमारास ती थांबवली. पण २०१९ च्या फेब्रुवारीत एका चाहत्याने ट्विटरवर विचारलं, ती परत आणा ना, कंपनी म्हणाली दहा हजार रीट्वीट मिळवून दाखवा, आणि लोकांनी खरंच मिळवले की हो! मग त्याच वर्षी ऑक्टोबरात गोळी परत आली. मला हे फार आवडतं, कारण एका गोळीसाठी इतकी माणसं एकत्र आली.

इंदूरच्या सियागंज बाजारात होलसेलवाल्यांकडे विचारा, ऑनलाइनही बघा. मुलीला देताना भावालाही एक रोल नक्की पाठवा.