साठीनंतर देवधर्म सगळा करतो, पण आत काहीच हलत नाही. उशीर झाला का?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर जप, पूजा, यात्रा सगळं सुरू केलं, तरी कोरडंच वाटतं. माझं वय ६८, राहणार कोल्हापूर, शिवाजी पेठ. मीही याच वाटेनं गेलोय, म्हणून लिहितो.

उभी हयात साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. रिटायर झालो आणि देवाचंही खातं उघडलं. वहीत रोजच्या माळा, अंबाबाईच्या फेऱ्या, दर पौर्णिमेला नरसोबाची वाडी, सगळं तारीखवार. बायको म्हणाली, "आता देवाचाबी ताळेबंद काढतायसा व्हय?" राग आला. बरोबर बोलली म्हणूनच आला असणार.

ज्ञानेश्वरीचं सप्ताह पारायणही दोनदा केलं. ओव्या नऊ हजारांवर, म्हणजे सात दिवसांत उरकायच्या तर रोज तेराशेच्या आसपास. जीभ पळत होती आणि मी मनात लाईट बिल भरत होतो.

शेजारी एक आक्का आहेत, ८४ वर्षांच्या. काचबिंदूनं दृष्टी गेली. बायकोनंच फर्मान काढलं, "रोज सांजचं त्यांना वाचून दाखवा." गेलो, आणि सवयीनं सुसाट सुटलो. आक्कांनी मांडीवर थाप मारली. "अरं, गाडी चुकत्या व्हय तुझी? ते स्वसंवेद्य म्हंजे काय?"

पहिल्याच ओवीतला शब्द. दोन पारायणं झालेली आणि मला अर्थ सांगता येईना! घरी येऊन सार्थ प्रत काढली. ज्याचं ज्याला स्वतःच्या अनुभवानंच कळतं ते, असा अर्थ. दुसऱ्या दिवशी सांगितला, तर आक्का म्हणाल्या, "म्हंजे तू वाचून मला कळणार न्हाईच की. मग वाचायलास कशाला?" आणि पोटभर हसल्या. "वाच, वाच."

तेव्हापासून रोज पाच ओव्या. त्यावर बोलणं अर्धा तास, त्यात निम्म्या त्यांच्या माहेरच्या गोष्टी. वही बंद केली. मला काही साक्षात्कार झालेला नाही. पण पूर्वी कुणी मध्येच थांबवलं की डोकं फिरायचं, आता थांबवण्याची वाट बघतो. बायकोच्या मते एवढाच फरक पडलाय. ती सहसा सवलत देत नाही.

तेव्हा तुम्ही नवीन काही वाढवू नका. आहे त्यातलं निम्मं कमी करा आणि उरलेलं कुणाच्या तरी सोबतीनं करा. महागड्या शिबिरांचं म्हणाल तर मी एकाला पैसे घालवले, तुम्ही घालवू नका. आणि झोप, भूक दोन्ही गेली असेल तर आधी डॉक्टर, मग देव.

गेल्या नोव्हेंबरात किरणोत्सवाला मंदिरात उभा होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत जातात. पूर्वी आक्का दरवर्षी जायच्या, आता मी येऊन सांगायचं.

"कुठवर आली?"

"गुडघ्यापर्यंत. मग ढग आलं."

"बरं. उद्या परत जा." मग बोटांवर काहीतरी मोजत म्हणाल्या, "आणि रोज पाच ओव्यांनी पोथी कधी संपायची रं?"

हिशेब माझा तयारच होता. "पाच वर्षं लागतील, आक्का."

"मग तवर मरायचीबी सोय न्हाई की. वाच."