मेक्सिकन गाणी ऐकायचीत, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : ताई, लेकीसोबत 'कोको' पिक्चर बघितला आणि तेव्हापासून मेक्सिकन गाण्यांचा नादच लागलाय. पण यूट्यूबवर शोधलं की मोठ्या टोप्या आणि ट्रम्पेटवाले मारियाची, एवढंच येतं. मी 40 गाण्यांची प्लेलिस्ट करून फॅमिली ग्रुपवर टाकली, एकानेही ऐकली नाही, वर मेहुणा विचारतो 'वरातीचा बँड आहे का?' काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : मेहुण्याला सांगा, वरातीच्या बँडच्या जवळचं हवं असेल तर सिनालोआ राज्यातली बांदा ऐक, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ढोल आणि बेसला अवाढव्य ट्युबा, सगळं दणक्यात. मारियाची वेगळं, ते खालिस्को राज्याकडचं. त्यात व्हायोलिनं, विहुएला नावाची छोटी गिटार आणि पोट सुटलेली मोठी गिटारोन मूळच्या, ट्रम्पेट विसाव्या शतकात घुसलं आणि आता तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं.

तुमचं चुकतंय ते सर्च करताना. 'मेक्सिकन म्युझिक' टाकणं म्हणजे 'भारतीय गाणी' टाकण्यासारखंच झालं, काय येणार त्यात! प्रदेशाचं नाव टाका. वेराक्रूझ राज्यातलं सोन हारोचो नावाचं लोकसंगीत घ्या. रिची वालेन्सचं 1958 चं 'ला बाम्बा' ऐकलंच असेल, ते मूळचं इथलं. तिथे फांदांगो असतो म्हणजे लोक रात्रभर जमतात, मध्ये लाकडी फळ्यांचा तारिमा, त्यावर टाचा आपटून नाचायचं आणि तोच त्यांचा तबला समजा, भोवती हाराना नावाच्या छोट्या गिटारी, आणि एकाने कडवं टाकलं की दुसरा त्याला उत्तर देणार. म्हणून एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये कडवी वेगळी निघाली तर गोंधळू नका. मेक्सिकोच्या ईशान्येकडच्या वास्तेका भागात गेलात तर व्हायोलिन आणि मध्येच टुणकन वरच्या पट्टीत उडी मारणारा आवाज, मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

आणि ग्रुपवर 40 गाणी कोण ऐकणार हो? एकच टाका. कोकोमध्ये इमेल्डा 'ला योरोना' म्हणते ना, तेच चावेला वार्गासच्या आवाजात टाका. ही बाई जन्माने कोस्टा रिकाची, पण मेक्सिकोत येऊन रांचेरा म्हणजे गावाकडच्या बाजाच्या गाण्यांतला मारियाचीचा थाट काढून टाकला आणि नुसत्या गिटारवर म्हणायला लागली, आवाज खरखरीत, अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी तेच गाणं मेक्सिकन गायिका नातालिया लाफुर्कादेचं टाका (कोकोतही तिचा आवाज आहे, लेकीला सांगा). सोबत दोन ओळी मराठीत लिहा, कोण गातंय आणि कशासाठी. मेहुणा ऐकेल.

प्रश्न : मी ह्यूस्टनला असतो. शेजारी मेक्सिकन आहेत, वीकेंडला अंगणात अकॉर्डियन लावतात आणि ते चक्क जर्मन पोल्कासारखं वाटतं. माझा कान खराब आहे का? – एक वाचक, टेक्सास

उत्तर : कान उत्तम आहे! एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत जर्मन, चेक लोक येऊन राहिले, त्यांच्याकडून अकॉर्डियन आणि पोल्का दोन्ही आले, त्याला बाखो सेक्स्तो नावाच्या 12 तारांच्या गिटारीची जोड मिळाली आणि झालं नोर्तेन्यो, म्हणजे उत्तरेकडचं संगीत. चाल नाचायची असली तरी शब्द नीट ऐका, बऱ्याचदा तो कोरिदो असतो म्हणजे घडलेली गोष्ट गाऊन सांगणं, आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊ. मेक्सिकोतल्या 1910 च्या क्रांतीतल्या लढायांवर असे ढिगाने झाले, पुढे लोस तिग्रेस देल नोर्ते या बँडने सीमा ओलांडणाऱ्या मजुरांवर गायले. हल्लीचे काही मात्र ड्रग माफियांचे गोडवे गातात, तेव्हा ग्रुपवर फॉरवर्ड करायच्या आधी अर्थ बघा हां.

जुनं ऐकायचं असेल तर लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाचं फ्रोंतेरा कलेक्शन ऑनलाइन आहे, जुन्या तबकड्यांचा खजिना, बाहेरच्यांना तुकडेच ऐकायला मिळतात पण नावं तर कळतात. नाहीतर पुढच्या शनिवारी काहीतरी खायला घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि विचारा, हे कुणाचं गाणं.