'पुनरुज्जीवित' लिहायचं का 'नव्या संचात'?

प्रश्न असा आलाय, की जुनं संगीत नाटक नवे नट घेऊन, थोडी काटछाट करून बसवलं तर जाहिरातीत काय लिहायचं, 'नवं नाटक', 'पुनरुज्जीवित' का 'नव्या संचात'?

आधी शब्द बघू. पुनर् अधिक उज्जीवन (बरेच जण 'पुनर्जीवन' लिहितात, तो 'उज्' खाऊ नका प्लीज), म्हणजे पुन्हा जीव आणणं, आणि जीव आणायचा तर मधे तो गेलेला हवा ना! 'सौभद्र' १८८२ चं, पण ते कोणी ना कोणी करतच आलंय, त्याला पुनरुज्जीवित म्हटलं की आधीच्या सगळ्या गायक नटांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. तिथे 'नव्या संचात' एकदम करेक्ट, संच म्हणजे नटमंडळींचा, नाटक तेच. 'कट्यार काळजात घुसली'चं वेगळं, मूळ १९६७ चं, वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेलं, २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्यातले खाँसाहेब (वसंतरावांचीच भूमिका) झाले आणि सुबोध भावेंनी ते नव्यानं बसवलं, नुसती माणसं बदलली असं नाही, सगळा प्रयोगच परत उभा राहिला, म्हणून तिथे पुनरुज्जीवन मला चालतं.

आणि 'नवं'? ते संहितेवर ठरतं, चाली जुन्या असल्या तरी. ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी) बघा, 'क्रेझी फॉर यू'मध्ये संगीतकार गर्शविनची जुनी गाणी, १९३० च्या 'गर्ल क्रेझी'तलीसुद्धा, पण लेखन नवं, म्हणून १९९२ चा टोनी (ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार) मिळाला तो नव्या म्युझिकलचा, म्हणजे संगीत नाटकाचा. उलट 'हेडविग अँड द अँग्री इंच' २०१४ मध्ये पहिल्यांदाच ब्रॉडवेवर आलं आणि तरी टोनी मिळाला तो रिव्हायवलचा, म्हणजे पुनरुज्जीवनाचा, कारण १९९८ पासून ते ऑफ-ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्याच छोट्या थिएटरांत) झालेलं, लोकांना माहीत असलेलं नाटक होतं. म्हणजे थिएटर नवं म्हणून नाटक नवं होत नाही.

आपल्याकडे पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' घ्या, १९७८ चं, मूळ जर्मन नाटककार ब्रेख्तचं आणि त्याच्याही मागे १७२८ चा लंडनचा ऑपेरा, पण मराठी संहिता स्वतंत्र लिहिलेली, त्याला कोणी रिव्हायवल म्हणणार नाही, रूपांतर म्हणतील आणि मराठी रंगभूमीपुरतं ते नवंच.

तुमच्या नाटकात संहिता तीच आणि पदंही तीच आहेत, त्यामुळे 'नवं' तर नकोच, मी 'नव्या संचात' लिहीन आणि खाली मूळ नाटककाराचं नाव मोठ्या अक्षरात, मूळ प्रयोगाच्या सालासकट.