सरासरीत हरवणाऱ्या मुलींसाठी

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) शिकवणी केंद्राचं काम तू हाती घेते आहेस. वेळापत्रक आखण्याआधी निकालांची फोड करून घे. वंश एका तक्त्यात आणि स्त्री-पुरुष दुसऱ्यात, असं चालणार नाही; कृष्णवर्णीय मुलींचे निकाल वेगळे दिसायला हवेत. 1976 मध्ये जनरल मोटर्सविरुद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांना वंश आणि लिंग मिळून एकच दावा करू दिला गेला नाही. कंपनीत स्त्रिया आहेतच, असं न्यायालय म्हणालं. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या! कॉलेजच्या सरासरीतही कृष्णवर्णीय मुली अशाच दिसेनाशा होतात. संख्या फार कमी असेल तर तीन वर्षांचे निकाल एकत्र धर.

मग त्यांना गणिताच्या कोणत्या वर्गात बसवलं जातं ते बघ. पूर्वी एका परीक्षेवरून रिमेडियल, म्हणजे शाळेतलं गणित पुन्हा शिकवणाऱ्या वर्गांच्या साखळीत टाकत. दर पायरीला 100 पैकी 70 जणी पास होऊन पुढे नाव घालतात असं धरलं, तरी तीन पायऱ्यांनंतर 34 उरतात. शिवाय त्या वर्गांची क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) पदवीला धरत नाहीत. म्हणून 2017 च्या एबी 705 कायद्याने शाळेतल्या गुणांवरून थेट मूळ, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या वर्गात बसवण्याचा रस्ता खुला केला. पण नुसतं बसवून भागत नाही. जोडीला आधाराचा तास हवा, शक्यतो त्याच शिक्षकाचा, आणि अपूर्णांक त्याच आठवड्यात घ्यायचे ज्या आठवड्यात ते वर्गात लागणार आहेत. सत्राच्या सुरुवातीला महिनाभर जुनी उजळणीच केली, तर मूळ वर्ग पुढे निघून जातो.

त्या तासाला ‘कच्च्या मुलींचा वर्ग’ हा शिक्का बसू देऊ नकोस. बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांना दिसलं की कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकेकटे अभ्यास करत. त्यांनी उजळणी न देता गटात अवघड गणितं दिली आणि कॅल्क्युलसचे निकाल सुधारले. चार-चार जणींचे गट कर. एका गटात एकटीच कृष्णवर्णीय मुलगी ठेवू नकोस, तिला सगळ्या समाजाची प्रतिनिधी बनवलं जातं.

1996 च्या प्रपोझिशन 209 मुळे (कॅलिफोर्नियात मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीमुळे) सरकारी कॉलेजात वंशावरून जागा राखता येत नाहीत. उमोजासारखे विद्यार्थ्यांना आधार देणारे कार्यक्रम म्हणूनच सर्वांना खुले असतात, पण त्यांची आखणी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना समोर ठेवून केलेली असते. तूही तसंच कर.

आणि कुणी वर्ग सोडायचा म्हणाली तर आधी पेल ग्रँटचा, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचा हिशेब मांड. ती चालू राहायला घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण 67 टक्के पूर्ण व्हावी लागतात, आणि अर्ध्यावर सोडलेला वर्ग ‘घेतलेला’ म्हणून मोजतात. पहिल्या सत्रात 12 पैकी 5 क्रेडिट सोडली की उरतात 58 टक्के. आजारपण किंवा घरातला मृत्यू असेल तर ग्रँट थांबवण्याविरुद्ध अपील करता येतं. कागद तेव्हाच गोळा करायला लाव, आणि मुदत आर्थिक साहाय्य कार्यालयात विचारून घे.

कळावे, लोभ असावा.