जुने फोटो ऑनलाइन दिसत असताना छायाचित्रणाच्या इतिहासाचं संग्रहालय बघायला कशाला जायचं?

तुमचं म्हणणं असं की जुने फोटो आता घरबसल्या हवे तेवढे मोठे करून बघता येतात, मग कपाटभर कॅमेरे बघायला संग्रहालयात कोण जाणार? कॅमेऱ्यांपुरतं मला पटतं. दहा-बारा लाकडी खोकी बघून झाली की पुढची सगळी सारखीच दिसायला लागतात. मी जाते ती फोटोंसाठीच, कारण सुरुवातीच्या काळातले कित्येक फोटो पडद्यावर धड दिसतच नाहीत.

दगेरोटाइपच घ्या. १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झालेली ही पद्धत. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घासून लख्ख करायचा, आयोडीनची वाफ देऊन तो प्रकाशाला संवेदनशील करायचा आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. अशा पत्र्यासमोर उभं राहिलं की आधी आपलाच चेहरा दिसतो. मान थोडी कलती केली की निगेटिव्हसारखी उलटी आकृती, आणखी थोडी कलती केली की एकदम दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, कोटाच्या बटणांसकट. पत्र्यात काहीतरी गडद प्रतिबिंबित होत असेल तरच चित्र नीट उठतं, म्हणून जाताना गडद रंगाचे कपडे घाला. गंमत नाही, खरंच फरक पडतो. स्कॅन करणाऱ्याने त्यातला एकच कोन निवडून गोठवलेला असतो.

निसेफोर निएप्स या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून टिपलेलं दृश्य तर याहून मजेशीर. कॅमेऱ्याने घेतलेला, आज शिल्लक असलेला हा सर्वांत जुना फोटो अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ लेप; उजेड पडला तिथे तो कडक झाला, उरलेला धुऊन काढला. मूळ पत्रा समोरून जवळजवळ कोराच वाटतो, छपरं दिसायला योग्य कोन सापडावा लागतो. आपण सगळ्यांनी पाहिलेलं ते ठिपकेदार, ठसठशीत चित्र म्हणजे १९५२ मध्ये काढलेली प्रत, तीही संशोधक हेल्मुट गर्नशाइम यांनी रंगाने हात फिरवलेली. म्हणजे जगातला एवढा प्रसिद्ध फोटो बहुतेकांनी पाहिलेलाच नाही!

आकाराचंही तसंच. कागदावर फोटो काढायची पद्धत शोधणाऱ्या टॅलबट या इंग्रजाने १८३५ मध्ये आपल्या घराच्या जाळीदार खिडकीची कागदी निगेटिव्ह केली, ती पोस्टाच्या तिकिटाएवढी आहे. शेजारी त्याने हाताने लिहून ठेवलंय की नवी असताना भिंगातून काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते. पडद्यावर ती भिंतीएवढी होते आणि भिंगाची ती ओळ निरर्थक वाटायला लागते. पुढच्या काळातल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या फोटोंची पाठ मिळाली तर जरूर बघा. स्टुडिओचं नाव, पत्ता, कधी कधी कुणाच्या अक्षरातली दोन शब्दांची नोंद असं बरंच काही तिथे असतं आणि ऑनलाइन बहुतेकदा पुढचीच बाजू टाकलेली असते.

एका कॅमेऱ्यापाशी मात्र थांबा. १८८८ चा पहिला कोडॅक. १०० फोटोंचा रोल भरूनच विकायचे, रोल संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे फोटोत काय येणार ते बघायची खिडकी, नव्हता, वरच्या रेघांवरून अंदाज बांधायचा. त्याचे गोल फोटो शेजारी ठेवलेले असतील तर तिरपी क्षितिजं आणि कापलेली डोकी का, ते लगेच कळतं.

दालनात अंधार फार, अशी तक्रार सगळेच करतात. जुने कागदी फोटो उजेडाने फिके पडतात आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यामुळे दिवे साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) म्हणजे मंदच ठेवतात, काही महिन्यांनी फोटो उतरवून पुन्हा अंधारात नेतात आणि बऱ्याच ठिकाणी प्रतिकृती लावतात. ऑटोक्रोम या १९०७ च्या रंगीत काचांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण असलेली ती काच मागून उजेड आल्याशिवाय दिसत नाही आणि तोच उजेड तिचे रंग खातो. तेव्हा पाटी वाचा, मूळ वस्तू आहे की प्रतिकृती ते त्यावर लिहिलेलं असतं.

मूळ वस्तूच बघायची असेल तर दालनापेक्षा अभ्यासकक्ष बरा, म्हणजे संग्रहातली वस्तू मागवून जवळून बघायची खोली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहांत आधी वेळ ठरवून तो वापरता येतो. तुमचं ऑनलाइन बघणं इथे कामाला येईल: हवे ते फोटो आधी शोधा, त्यांचे नोंदणी क्रमांक लिहून कळवा, आणि पाठही बघायची आहे हे त्याच पत्रात सांगा. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या.